शिक्षा, कोठडी आणि मतदान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक जवळ आली की रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी ‘शिक्षा झाली की मत गेले’ ही एकच समजूत असते. कायदा तसे म्हणत नाही. तो जे म्हणतो ते काही बाबतींत या समजुतीपेक्षा सौम्य आहे आणि काही बाबतींत कठोर आहे. एकाच मुद्द्याची पुनरुक्ती टाळण्यासाठी संबंधित प्रश्नाचा क्रमांक कंसात दिला आहे.

१. गुन्हा सिद्ध होऊन शिक्षा झालेल्या माणसाला मतदान करता येते का?

तो मतदानाच्या दिवशी तुरुंगात असेल तर नाही आणि बाहेर असेल तर होय. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ६२(५) नुसार जी व्यक्ती तुरुंगात बंदिस्त आहे, मग ती शिक्षेमुळे असो वा अन्य कारणाने, किंवा जी पोलिसांच्या कायदेशीर ताब्यात आहे, तिला मत देता येत नाही. या कलमात गुन्हा किती गंभीर आहे, शिक्षा किती वर्षांची आहे, किंबहुना गुन्हा सिद्ध झाला आहे की नाही, यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. माणूस त्या दिवशी गजांच्या आत आहे की बाहेर, एवढेच हे कलम पाहते. पुढील बहुतेक उत्तरे या एका गोष्टीतून निघतात. निवडणुकीशी संबंधित गुन्हे हा मोठा अपवाद असून त्याबद्दल प्रश्न १० पाहावा.

२. शिक्षा भोगून सुटल्यावर मताचा अधिकार परत मिळवण्यासाठी अर्ज करावा लागतो का?

नाही. अधिकार काढून घेतलेलाच नसतो, तो बंदिवासापुरता वापरता येत नसतो. मतदानास मनाई असली तरी अशा व्यक्तीचे मतदार असणे संपत नाही, अशी स्पष्ट तरतूद २०१३ च्या दुरुस्तीने कलम ६२(५) मध्ये जोडली गेली आहे. त्यामुळे न्यायालयाचा आदेश, पोलिसांचा दाखला किंवा कारागृहाचे प्रमाणपत्र यांपैकी काहीही लागत नाही. यादीत नाव आणि हातात ओळखपत्र असले की पुरे. अडचण येते ती यादीतून नाव गळालेले असल्यामुळे. त्याविषयी प्रश्न १४ मध्ये लिहिले आहे.

३. खटला अजून चालू आहे आणि दोष सिद्ध झालेला नाही. तरीही तुरुंगातून मत देता येणार नाही?

येणार नाही. कलमातील ‘अन्य कारणाने’ या शब्दांत कच्चे कैदी येतात. आमच्या मते या सगळ्या विषयात सर्वांत टोचणारी गोष्ट हीच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे तुरुंगात असल्यामुळे ज्यांना मत देता येत नाही अशा दर चारांपैकी जवळजवळ तिघांवरचा आरोप अजून सिद्ध व्हायचा असतो. त्यांच्यातील काही जण केवळ जामीनदार मिळत नाही किंवा जामिनाची रक्कम उभी राहत नाही म्हणून आत असतात.

४. जामिनावर असलेल्याचे काय? आणि शिक्षा झाल्यावर अपिलात जामीन मिळालेल्याचे?

दोघांनाही मत देता येते. खालच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली असली तरी उच्च न्यायालयाने ती स्थगित करून जामीन दिला असेल, तर तो माणूस बंदिस्त नाही आणि म्हणून मनाई नाही. चारा घोटाळ्यात दोषी ठरलेले लालू प्रसाद यादव निवडणूक लढवू शकत नाहीत, परंतु जामिनावर बाहेर असताना मतदान करू शकतात, ते याच कारणाने. केवळ दंडाची किंवा भारतीय न्याय संहितेतील समाजसेवेची शिक्षा झालेल्यांनाही हेच लागू होते.

मात्र जामीन मंजूर होणे आणि प्रत्यक्ष सुटका होणे यांत फरक आहे. आदेश शुक्रवारी झाला, जामीनदाराची कागदपत्रे सोमवारी तपासली गेली आणि मतदान मध्ये रविवारी होऊन गेले, तर त्या रविवारी तो माणूस कायद्याच्या भाषेत बंदिस्तच होता. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील उच्च न्यायालयातील प्रकरणे ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, त्यामुळे मुंबईची खेप वाचली. रायगडच्या प्रकरणांसाठी मात्र मुंबईच. मतदानाची तारीख जवळ असल्यास वकिलांनी ती बाब न्यायालयाच्या निदर्शनास आणून आदेशाची प्रत लवकर मागावी, एवढेच व्यवहारात हाती असते.

५. ही बंदी न्यायालयाने तपासली आहे का?

होय. अनुकूलचंद्र प्रधान विरुद्ध भारत सरकार या १९९७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कलम ६२(५) वैध ठरवले. न्यायालयाचा विचार थोडक्यात असा होता: जो स्वतःच्या वर्तनामुळे तुरुंगात आहे त्याला बाहेरच्या माणसाइतक्या स्वातंत्र्याची अपेक्षा करता येत नाही. कैद्यांच्या मतदानासाठी मोठा पोलीस बंदोबस्त आणि साधनसामग्री लागेल. शिवाय गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या लोकांना निवडणुकीपासून दूर ठेवणे हे योग्य उद्दिष्ट आहे. २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही याच निकालाच्या आधारे एक याचिका फेटाळली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाला आव्हान देणाऱ्या नव्या याचिकेवर सरकारला नोटीस काढली.

मतदानाचा हक्क हा मूलभूत हक्क नसून कायद्याने दिलेला हक्क आहे, ही भूमिका न्यायालयांनी १९५२ च्या पोन्नुस्वामी निकालापासून घेतलेली आहे. त्यामुळे तो कायद्यानेच मर्यादित करता येतो, असा युक्तिवाद सोपा होतो. पण संविधानाच्या अनुच्छेद ३२६ मध्ये प्रौढ मताधिकाराला जे अपवाद सांगितले आहेत, त्यांत ‘गुन्हा’ हे कारण आहे, ‘आरोप’ हे नाही. ज्याचा गुन्हा ठरलेला नाही त्याला या कारणाखाली कसे बसवायचे, याचे समाधानकारक उत्तर आम्हाला १९९७ च्या निकालात सापडत नाही.

६. इतर देशांत काय पद्धत आहे?

एकसारखी नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सॉव्हे प्रकरणात कैद्यांवरील बंदी रद्द केली आणि तेथे आता दीर्घ शिक्षा भोगणारेही मत देतात. दक्षिण आफ्रिकेच्या संविधानात्मक न्यायालयाने १९९९ आणि २००४ मध्ये कैद्यांचा मताधिकार मान्य केला. ऑस्ट्रेलियात २००७ च्या रोच निकालाने सरसकट बंदी गेली, परंतु तीन वर्षे वा अधिक शिक्षा भोगणाऱ्यांवरची बंदी राहिली. ब्रिटनमधील सरसकट बंदी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००५ मध्ये हर्स्ट प्रकरणात नाकारली, तरी ब्रिटिश संसदेने फार काही बदलले नाही. स्कॉटलंडने २०२० मध्ये बारा महिन्यांपर्यंतच्या शिक्षेतील कैद्यांना आपल्या संसदेच्या व स्थानिक निवडणुकांत मत दिले. अमेरिकेत मेन आणि व्हरमाँट या राज्यांत तुरुंगातूनही मत देता येते, तर काही राज्यांत सुटकेनंतरही अधिकार परत मिळायला वर्षे लागतात.

आपल्या शेजारी पाकिस्तानच्या २०१७ च्या निवडणूक कायद्यात कैद्यांसाठी टपाली मतदानाची तरतूद आहे. ‘आपल्यासारख्या देशात हे शक्यच नाही’ असे म्हणणाऱ्यांनी ही एक गोष्ट विचारात घ्यावी.

७. मग तुमचे मत काय? खुन्याने आणि बलात्काऱ्याने मत द्यावे?

हा प्रश्न बहुतेक वेळा याच शब्दांत येतो, आणि तो रागातून येत असला तरी त्या रागाला आम्ही कमी लेखत नाही. परंतु आजचा कायदा खुन्याला रोखतो असे समजून हा प्रश्न विचारला जातो. वस्तुस्थिती अशी की खुनाच्या आरोपात दोषी ठरलेला आणि अपिलात जामिनावर असलेला माणूस आज रांगेत उभा राहून मत देतो, आणि मोबाईल चोरल्याच्या संशयावरून पकडलेला, जामीनदार न मिळालेला मजूर देऊ शकत नाही. ही रेषा गुन्ह्याच्या आधारे आखलेलीच नाही.

आमच्या मते कच्च्या कैद्यांना टपाली मतपत्रिका मिळावी. त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही, कारण स्थानबद्धांसाठी ती आजही आहे (प्रश्न ९). दोषी ठरलेल्यांच्या बाबतीत, मत काढून घेणे ही शिक्षा मानायची असेल तर ती कायद्यात गुन्ह्यांच्या नावानिशी लिहावी आणि न्यायाधीशाने निकालात कालावधीसह सुनवावी. निवडणूक गुन्ह्यांच्या बाबतीत कायदा नेमके हेच करतो: गुन्हा ठरलेला, मुदत ठरलेली, आणि ती उठवण्याचा अधिकारही ठरलेला. आज तुरुंगातल्या माणसाचे मत कोणी विचारपूर्वक काढून घेत नाही, ते कोठडीच्या ओघात जाते.

याविरुद्ध सर्वांत वजनदार आक्षेप असा की तुरुंगातील टोळीप्रमुख इतर कैद्यांची मते दडपणाने वळवतील. हा धोका खरा आहे. पण कैद्याचे नाव तुरुंगाच्या पत्त्यावर नव्हे, तर स्वतःच्या गावच्या यादीत असते (प्रश्न १४). ओरोसच्या जिल्हा कारागृहातील मते सावंतवाडी, कुडाळ आणि कणकवलीच्या मतपेट्यांत विखुरतील आणि अलिबागच्या हिराकोटातील मते पेण, महाड, श्रीवर्धनपर्यंत जातील. एका बराकीची मते एकत्र पडून निकाल फिरेल अशी रचना त्यात होत नाही.

८. तुरुंगात बसून निवडणूक लढवता येते पण मत देता येत नाही, हे खरे का?

खरे आहे, आणि कोकणातल्या वाचकांना त्याचे उदाहरण जवळचे आहे. १९७७ मध्ये जॉर्ज फर्नांडिस बडोदा डायनामाइट खटल्यात आरोपी म्हणून तुरुंगात असताना मुझफ्फरपूरमधून तीन लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आले. ज्यांना लाखो लोकांनी मत दिले, त्यांना कच्चा कैदी म्हणून स्वतःचे मत देण्याची मुभा नव्हती. आणीबाणीत राजापूरचे खासदार मधू दंडवते यांनाही अटक झाली होती, पण ती ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली. म्हणजे त्यांच्यावर कोणत्याही गुन्ह्याचा खटला नव्हता, ती स्थानबद्धता होती, आणि स्थानबद्धाला कायदा टपालाने मत देऊ देतो. कोकण रेल्वेशी ज्यांची नावे कायमची जोडली गेली ते हे दोघे माजी रेल्वेमंत्री एकाच राजवटीचे कैदी होते, पण मताच्या बाबतीत कायद्याने त्यांना दोन वेगळ्या रांगांत उभे केले होते.

१० जुलै २०१३ रोजी जनचौकीदार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ज्याला मत देता येत नाही त्याला निवडणूकही लढवता येणार नाही. संसदेने त्याच वर्षी कायदा दुरुस्त करून हा परिणाम पुसून टाकला (प्रश्न २ मधील तरतूद तीच). म्हणूनच २०२४ मध्ये बारामुल्लातून इंजिनिअर रशीद आणि खडूर साहिबमधून अमृतपाल सिंग कोठडीतून निवडून येऊ शकले. यातही तोच भेद आहे: रशीद कच्चे कैदी होते, तर अमृतपाल राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली स्थानबद्ध होते.

९. स्थानबद्ध म्हणजे नेमके कोण, आणि त्यांनी मत कसे द्यावे?

ज्यांना झालेल्या गुन्ह्यासाठी नव्हे, तर पुढे काही करू नये म्हणून प्रशासकीय आदेशाने डांबले जाते ते स्थानबद्ध. राष्ट्रीय सुरक्षा कायदा, १९८० आणि आपल्याकडे एमपीडीए या नावाने ओळखला जाणारा १९८१ चा राज्य कायदा ही त्याची नेहमीची उदाहरणे आहेत. अशा व्यक्तींना कलम ६२(५) ची मनाई लागू होत नाही. सरकारने त्यांची नावे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला कळवायची असतात आणि त्यांना टपाली मतपत्रिका मिळते. नाव कळवले गेले की नाही, याची चौकशी कुटुंबीयांनी निवडणूक जाहीर होताच करावी, कारण त्यासाठीची मुदत थोडी असते.

२०२२ च्या अखेरीस देशात स्थानबद्धांची संख्या ४,३२४ होती. ज्यांना सरकार स्वतः समाजासाठी धोकादायक ठरवते त्यांना मत आहे आणि ज्यांच्यावर साधा आरोप आहे त्यांना नाही, ही विसंगती आम्ही केवळ नोंदवून पुढे जातो.

१०. असा कोणता गुन्हा आहे का, ज्यात तुरुंगाबाहेर असूनही मत जाते?

आहे. १९५१ च्या अधिनियमाच्या कलम ११क नुसार निवडणुकीतील लाचलुचपत, मतदारावर गैरवाजवी दडपण, तोतयेगिरी, निवडणुकीच्या निमित्ताने समाजगटांत वैर पसरवणे, मतदान केंद्रातून मतपत्रिका पळवणे अशा गुन्ह्यांत दोषी ठरल्यास, दोषसिद्धीच्या तारखेपासून सहा वर्षे मत देता येत नाही. एक दिवसही तुरुंगात न जाता, केवळ दंड भरून सुटका झाली तरीही. ही अपात्रता उठवण्याचा अधिकार कलम ११ख नुसार निवडणूक आयोगाला आहे.

यातील लाचलुचपत आणि दडपण यांची व्याख्या आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० व १७१ मध्ये असून शिक्षा कलम १७३ व १७४ मध्ये आहे. लाच देणाराच नव्हे, तर घेणाराही दोषी ठरतो आणि मतासाठी दिलेली मटणाची जेवणावळ हीसुद्धा लाचच ठरते. वाडीतल्या वाडीत ‘पाकीट आले का’ असे उघडपणे विचारणाऱ्यांनी हे उत्तर दोनदा वाचावे.

११. मत देता येते, मग निवडणूक का लढवता येत नाही?

हे दोन वेगळे अधिकार आहेत आणि त्यांच्या अटीही वेगळ्या आहेत. दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाल्यास कलम ८ नुसार दोषसिद्धीपासून सुटकेनंतर सहा वर्षांपर्यंत विधानसभा वा लोकसभा लढवता येत नाही. काही गुन्ह्यांत नुसत्या दंडावरही अपात्रता येते. विद्यमान आमदार-खासदारांना मिळणारी तीन महिन्यांची सवलत २०१३ च्या लिली थॉमस निकालाने गेली.

ग्रामपंचायतीसाठी नियम वेगळा आणि अधिक कडक आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ नुसार दारूबंदी कायद्याखाली दोषी ठरलेला माणूस सर्वसाधारणपणे पाच वर्षे सदस्य होऊ शकत नाही, आणि इतर गुन्ह्यांत सहा महिन्यांची शिक्षादेखील पुरते. बांद्याच्या नाक्यावर गोव्याची दारू आणताना पकडलेल्या आणि नंतर दोषी ठरलेल्या तरुणाचे मत त्यामुळे जात नाही, पण सरपंच होण्याचे मनसुबे त्याला काही वर्षे बाजूला ठेवावे लागतात.

१२. निवडणुकीच्या आधी पोलिसांनी माझ्यावर चॅप्टर केस केली. मी मत देऊ शकतो का?

नुसते चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र लिहून घेतले असेल तर निश्चितच. ही प्रतिबंधात्मक कारवाई आहे, त्यात आपण ताब्यात नाही. मात्र दखलपात्र गुन्हा टाळण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७० खाली मतदानाच्या दिवशीच अटक झाली, तर आपण पोलिसांच्या ताब्यात असता आणि केंद्रावर नेण्याची सोय नसते. अशी अटक साधारणपणे चोवीस तासांपलीकडे चालत नाही, पण तेवढ्यात मतदान संपून जाते. ही अटकही प्रतिबंधात्मकच असल्याने स्थानबद्धांचा अपवाद तिला लागू व्हावा, असा युक्तिवाद करता येतो. तरी त्या एका दिवसात टपाली मतपत्रिका हातात पडणार नाही. बंधपत्राची नोटीस आली असेल तर ठरलेल्या तारखेला हजर राहणे हाच त्यातला शहाणपणाचा मार्ग.

१३. तडीपार माणसाने काय करावे?

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली तडीपार केलेला माणूस बंदिस्त नसतो, त्यामुळे त्याचे मत शाबूत असते. अडचण इतकीच की ज्या तालुक्यात त्याचे मतदान केंद्र आहे तेथे पाऊल टाकले तर नवा गुन्हा होतो. याच अधिनियमात तात्पुरत्या प्रवेशाच्या परवानगीची सोय आहे. मतदानाच्या तारखेचा उल्लेख करून, केंद्राचे नाव आणि जाण्यायेण्याची वेळ लिहून, आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याकडे आधीच अर्ज करावा. तोंडी होकारावर विसंबून एसटीत बसू नये.

१४. भाऊ चार वर्षे कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात आहे. बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणतात, तो गावात राहत नाही म्हणून नाव काढणार. बरोबर आहे का?

बरोबर नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम २० नुसार तुरुंगात असल्यामुळे कोणी त्या तुरुंगाच्या गावाचा रहिवासी ठरत नाही, आणि तात्पुरत्या गैरहजेरीमुळे कोणाचे मूळ गावचे रहिवासीपणही संपत नाही. घरोघरच्या पडताळणीत ‘तो इथे नसतो’ एवढेच उत्तर दिल्यास नोंद ‘स्थलांतरित’ अशी होते. गावागावांत चाकरमान्यांची नावे याच वाटेने गळतात आणि त्यांच्याबरोबर कैद्यांचीही. पडताळणीच्या वेळी घरच्यांनी तो कोठे आहे आणि घर कोठे आहे हे स्पष्ट सांगावे. लाज वाटणे स्वाभाविक आहे, पण बीएलओला खरे कळले तरच नोंद बरोबर राहते.

नाव काढण्यासाठी नमुना ७ भरून कोणी हरकत घेतली असेल तर नोटिशीला उत्तर देऊन मतदार नोंदणी अधिकाऱ्यापुढे हजर राहावे. निर्णय विरुद्ध गेल्यास जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते. नाव आधीच गेले असेल तर सुटकेनंतर नाव नोंदणीचा नमुना ६ भरावा.

१५. त्याच्या नावावर घरातल्या दुसऱ्याने मत दिले तर?

ती तोतयेगिरी आहे आणि तिचे फळ प्रश्न १० मध्ये सांगितले आहे. दुसऱ्यामार्फत मतदान फक्त सैन्यदलांतील व तत्सम सेवेतील मतदारांना करता येते. सुटून आलेल्या माणसाला केंद्रावर आपल्या नावाचे मत आधीच पडलेले आढळले, तर ओळख पटवून प्रदत्त मतपत्रिका (अशा वेळी मत देण्यासाठी मिळणारी वेगळी मतपत्रिका) मागण्याचा त्याला हक्क आहे.

१६. सुटून आलेल्याला मत देऊ नकोस असे गावकीने सांगितले. केंद्रावरील प्रतिनिधी हरकत घेऊ शकतो का?

प्रतिनिधीला दोन रुपये भरून हरकत घेता येते, ती फक्त ओळखीबद्दल: हा तोच माणूस आहे की नाही. ‘हा जेलमध्ये होता’ ही हरकत होऊ शकत नाही, आणि केंद्राध्यक्षाने त्यावर काही विचारण्याचे कारण नाही.

गावकीचा हुकूम मात्र गंभीर आहे. कोणाला मतदानापासून धाकाने रोखणे म्हणजे मतदारावर गैरवाजवी दडपण आणणे, आणि त्यात दोषी ठरलेल्याचे स्वतःचे मत सहा वर्षे जाते. शिवाय वाळीत टाकण्याची धमकी दिली असेल, तर सामाजिक बहिष्कारविरोधी २०१६ च्या राज्य कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. जो शिक्षा भोगून आला त्याचे मत कायम, आणि ज्याने त्याला अडवले त्याचे गेले, असा हा कायद्याचा हिशोब आहे.

१७. पॅरोलवर घरी आलेला कैदी मत देऊ शकतो का?

संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजा (पॅरोल) यांचा कलम ६२(५) मध्ये उल्लेख नाही. शब्दशः वाचले तर घरी असलेला माणूस ‘तुरुंगात बंदिस्त’ नाही. दुसरी बाजू म्हणते की रजा ही सवलत आहे आणि तो कैदीच असतो. आम्हाला पहिले वाचन अधिक सरळ वाटते, कारण मनाई करणाऱ्या तरतुदीचा अर्थ शब्दांपलीकडे ताणू नये. तरीही रजेच्या आदेशातील अटी आधी तपासाव्यात. गावाची हद्द सोडू नये अशी अट असेल आणि केंद्र हद्दीबाहेर असेल, तर मतापेक्षा रजा मोलाची आहे. रुग्णालयात पहाऱ्यात ठेवलेल्या किंवा खुल्या कारागृहातील कैद्याबद्दल मात्र असा वाद नाही, तो कोठडीतच आहे.

१८. तुरुंगातील आमदारांना मत देऊ देतात आणि आम्हाला नाही, असे का?

त्यांनाही प्रत्येक वेळी देऊ देत नाहीत. जून २०२२ मध्ये नवाब मलिक आणि अनिल देशमुख यांना राज्यसभा आणि विधान परिषद या दोन्ही निवडणुकांत मतदानासाठी सोडण्यास न्यायालयांनी नकार दिला, कारण त्याही अधिनियमाखालच्या ‘निवडणुका’ आहेत आणि कलम ६२(५) तेथेही लागू होते. त्याच महिन्याच्या अखेरीस विश्वासदर्शक ठरावाच्या मतदानासाठी मात्र सर्वोच्च न्यायालयाने दोघांना परवानगी दिली, कारण सभागृहातील मतदान ही निवडणूक नव्हे. राष्ट्रपतींची निवडणूक १९५२ च्या स्वतंत्र कायद्याने होते, आणि २०१७ मध्ये छगन भुजबळ यांनी न्यायालयाच्या परवानगीने कोठडीतून येऊन तिच्यात मत दिले होते. कोकण पदवीधर मतदारसंघाचे मतदार असलेल्या कैद्यांना पहिला नियम लागतो, कारण विधान परिषद ही विधानमंडळाचेच सभागृह आहे.

१९. ग्रामपंचायत आणि नगरपरिषदेच्या निवडणुकीतही हेच कलम लागते का?

१९५१ चा अधिनियम संसद आणि विधानमंडळाच्या निवडणुकांपुरता आहे. स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग राज्याच्या कायद्यांनुसार घेतो. व्यवहारात फरक पडत नाही, कारण तुरुंगातल्या मतदाराला गावातल्या केंद्रावर पोहोचण्याचा मार्ग तेथेही नाही.

२०. मुलगा आखातात तुरुंगात आहे. त्याचे मत?

त्याचे नाव अनिवासी मतदार म्हणून नोंदलेले असले तरी अशा मतदाराला मतदानासाठी आपल्या केंद्रावर स्वतः यावे लागते. त्यामुळे परदेशातील तुरुंगातून मत देता येत नाही. भारतात परतून मोकळा झाल्यावर तेथील शिक्षेमुळे त्याचे मत अडत नाही.

२१. सोळाव्या वर्षी बालन्याय मंडळासमोर प्रकरण झाले होते. आता अठरा पूर्ण झाली आहेत. नाव नोंदवताना ते लिहावे लागेल का?

नाही. नमुना ६ मध्ये तसा रकाना नाही, आणि बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ नुसार सर्वसाधारणपणे अशा प्रकरणामुळे पुढील आयुष्यात कोणतीही अपात्रता चिकटत नाही. वय आणि पत्त्याचा पुरावा जोडून अर्ज करावा.